क्षचा क्षवा घात

ग्रिम्स्बीत बुधवारचा संध्याकाळचा वर्ग.
हीटर नुसता टकटक वाजतो, तापत नाही.
सात विद्यार्थी. अगदी पुढे ऑक्स्टबी,
वय एकोणसत्तर, गोदीवरच्या शीतगृहात
अडतीस वर्षं मासळीची खोकी मोजलेला माणूस.
डाव्या हाताची दोन बोटं त्याला
गरम-गार काही सांगत नाहीत आता.
टोपी काढून मांडीवर ठेवतो, विचारतो,
क्षचा क्षवा घात शंभर, तर क्ष किती?

मी फळ्याकडे वळते.
दोनचा क्षवा घात असता, तर पाया धरून बसता आलं असतं.
क्षचा वर्ग असता, तर मूळ काढून मोकळं.
इथे पायात तोच आणि माथ्यावरही तोच,
तळघर हललं की गच्ची हलते,
गच्चीवर कुणी नाचलं की तळघर.

लॉग घेतला.
घातांक मुकाट जिना उतरून खाली आला:
क्ष गुणिले लॉग क्ष, बरोबर दोन.
खाली आला खरा, पण सुटा होईना.
एक क्ष ओसरीवर, एक आतल्या खोलीत कडी लावून,
पक्षांतर करावं तर कुणाचं?
चिपळूणला आमचे दातीर सर अशा वेळी
"हे अभ्यासक्रमात नाही" म्हणून डस्टर झटकायचे.
माझ्याही अगदी ओठावर आलं होतं.

ऑक्स्टबी तोवर पुढे गेलेला.
तीनचा तिसरा सत्तावीस.
चारचा चौथा दोनशे छप्पन्न.
"म्हणजे मधेच कुठेतरी."
साडेतीन: ऐंशी. कमी पडलं.
तीन पूर्णांक सहा: शंभरावर चिमूटभर.
धक्क्याला बोट लावावी तसं चाललेलं,
जरा पुढे, जरा मागे, दोर सैल, दोर ताठ.
तीन पूर्णांक पाच नऊ सात.
मी म्हटलं, पुढे अजून आकडे आहेत, ते संपत नाहीत.
"असतील. बोट लागली."

सहज सांगितलं त्याला,
आमच्या भाषेत याला घात म्हणतात,
आणि कुणी दगा दिला तर तोही घातच.
तो हसेल असं वाटलं होतं.
"आणि इथे ज्याचा त्यानेच?"
मी फळा पुसायला घेतला.

पुढच्या बुधवारी एक पाकीट आणलं त्याने,
शुश्रूषागृहाच्या बिलाचं. मागे पेन्सिलीने:
अर्ध्याचा अर्धावा घात, ०.७०७१.
पावाचा पाववा घात, ०.७०७१.
"मशीन बिघडलंय का हो?"

ताळा करून दाखवला.
पाव म्हणजे अर्ध्याचा वर्ग;
घात अर्धा होतो, वर्ग त्याची भरपाई करतो,
दोघांची फिटंफाट.
मशीन ठीक आहे, मिस्टर ऑक्स्टबी.

बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिला.
"ग्लेनिस," म्हणाला,
"गेल्या ईस्टरला मला अर्धा ओळखायची.
आता पाव. तेही सकाळी, चहा झाल्यावर."
मग पाकीट उलटं केलं, बिलाची बाजू वर.

मला पुढचं माहीत होतं.
अर्ध्याच्या आणि पावाच्या मधे एक खळगा आहे,
त्याचा तळ लागला की आकडे पुन्हा चढू लागतात,
सोळाव्या हिश्श्याला ०.८४०९,
क्ष शून्याकडे सरकतो तसे
हे एकाकडे, जवळ, आणखी जवळ.
थेट शून्यावर काय, याबद्दल मात्र
जाणत्यांचेही वाद आहेत.
सांगायला तोंड उघडलं, आणि गृहपाठ दिला.
कुणाच्या दुःखावर आलेख काढून दाखवायचा
तर आधी त्याने विचारलं पाहिजे.

साडेआठ. बाकीचे बससाठी पळाले.
शिपाई दारात किल्ल्या वाजवतोय,
एकेक दिवा मालवत पुढे येतोय.
खडू डबीत टाकून मी वळते तर
ऑक्स्टबी अजून कोट न घालता बसलेला,
दोन बहिऱ्या बोटांनी हळूहळू दाबतोय:
शून्य, टिंब, एक,
दोन,
पाच.